मुंग्यांत जात असते काय?
(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त वर्षावासातील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने आम्हाला बोलावले तेव्हा 'विषय तुमच्या आवडीचा घ्या, पण मुलांना समजेल असा घ्या' असे सांगितले. आमची उभी हयात शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. त्यामुळे विषयाची अडचण नव्हती, अडचण निवडीची होती. ती निवड आपल्याच वस्तीतल्या नववीच्या एका मुलाने करून दिली. तो कुठल्याशा शिबिराला जाऊन आला होता. तिथे एका वक्त्याने सांगितले की उच्चनीच हे माणसाने केलेले नाही, ते निसर्गातच आहे. मुंग्यांत राणी ती राणी, कामकरी ती कामकरी. पोरगा हुशार. त्याने मोबाइलवर शोधले, तर इंग्रजीत मुंग्यांच्या या गटांना खरोखरच 'कास्ट' हाच शब्द सापडला. तो आमच्याकडे आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, "सर, मुंग्यांत पण जात असते का?"

त्याचा चेहरा बघून आम्हाला बरे वाटले नाही. प्रश्न मुंग्यांचा नव्हता हे आपल्या सर्वांना कळते. 'निसर्गच तसा आहे' म्हटले की माणसाचे तोंड बंद होते, कारण निसर्गाशी कोण भांडणार? त्या दिवशी आम्ही त्याला घाईघाईने 'नाही रे, तसं काही नसतं' म्हणून वाटेला लावू शकलो असतो. पण तसे उत्तर टिकत नाही, पुढच्या शिबिरात गळून पडते. म्हणून आज जरा मुळापासून बोलू. प्राण्यांच्या वागण्यावरून काही शिकायचे असेल तर कसे शिकायचे, एका प्राण्याशी दुसऱ्या प्राण्याची तुलना कशी करायची, आणि कुठे फसायचे नाही, हा आजचा विषय आहे.

आधी मुंग्यांचा निकाल लावू. वारुळातल्या कामकरी मुंग्या सगळ्या माद्या असतात आणि बहुधा त्या राणीच्याच मुली असतात. राणी हुकूम सोडत नाही. ती अंडी घालते, एवढेच तिचे काम. कोणी बाहेर जायचे, कोणी पिल्ले सांभाळायची, हे ती ठरवीत नाही. दुसरे असे की बहुतेक मुंग्यांत कोणती अळी राणी होणार आणि कोणती कामकरी होणार हे प्रामुख्याने तिला मिळणाऱ्या खाण्यावर आणि संगोपनावर ठरते. काही प्रजातींत अनुवंशाचाही भाग असतो, ते लपवण्याचे कारण नाही. मधमाश्यांत तर हे अगदी उघड आहे. मधमाशीपालन करणारे लोक साध्या कामकरी माशीच्या घरातली कोवळी अळी उचलून राणीच्या मोठ्या घरात ठेवतात. तिला शेवटपर्यंत शाही अन्न मिळाले की तीच अळी राणी होते. तेच अंडे, तीच आई, फरक खुराकाचा. म्हणजे ज्या उदाहरणाने जन्मजात उच्चनीच सिद्ध करायला निघाले, ते उदाहरणच उलटे निघाले. 'कास्ट' हा शब्द कीटकशास्त्रज्ञांनी माणसांच्या समाजातून उचलून मुंग्यांना लावला. आता तोच शब्द मुंग्यांकडून परत आणून माणसांना दाखवायचा, ही चलाखी झाली.

पण बंधूंनो, आम्ही इथेच थांबलो तर आम्हीही त्या वक्त्यासारखेच वागलो. त्याने सोयीचा प्राणी निवडला, आम्ही त्याच प्राण्याची सोयीची बाजू दाखवली. खरा प्रश्न असा की एका प्राण्यावरून दुसऱ्याविषयी काही म्हणता येते का? आणि येत असेल तर कसे?

प्राण्याचे शरीर कसे बदलत गेले हे हाडांवरून, दातांवरून, दगडात उरलेल्या अवशेषांवरून काढता येते. वागणुकीची हाडे राहत नाहीत. पाऊलठसे, क्वचित एखादे जुने घरटे, याखेरीज फारसे काही उरत नाही. लाखो वर्षांपूर्वीचा पक्षी मादीपुढे कसा नाचला हे कोणत्या दगडात सापडणार? म्हणून शास्त्रज्ञ दुसरी वाट धरतात. आज जिवंत असलेली भावंडे एकमेकांशेजारी ठेवून पाहायची. कशात सारखी आहेत, कशात वेगळी आहेत, आणि जिथे वेगळी आहेत तिथे त्यांच्या राहण्याखाण्यात काय वेगळे आहे. आपल्या बाया हे रोज करतात. दोन सख्ख्या जावांच्या कालवणाची चव वेगळी लागली की 'ही नागपूरकडची, ती वऱ्हाडातली' असे लगेच सांगतात. घर एक, माहेर वेगळे. फरकाचे कारण शोधायचे तर आधी सारखेपणा कुठला ते धरून ठेवावे लागते.

याचे उत्तम उदाहरण दूर नाही, आपल्या नाल्याकाठच्या बाभळीवर लोंबते आहे. सुगरणीचा खोपा.

इथे आधी आमची एक चूक कबूल करतो. आम्ही कित्येक वर्षे वर्गात मुलांना सांगत आलो की सुगरण मादी आपल्या पिल्लांसाठी खोपा विणते. नावच 'सुगरण', मग शंका कशाला? प्रत्यक्षात विणतो तो नर. पिवळ्या डोक्याचा नर पाती चिरून लांब धागे आणतो, एका खोप्यासाठी पाचशेपर्यंत खेपा करतो. पूर्ण खोप्याला साधारण अठरा दिवस लागतात. आठेक दिवसांत खोपा शिरस्त्राणासारखा अर्धा होतो, तेव्हा तो थांबतो आणि पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. माद्या येतात, आत डोकावतात, ओढून बघतात. पसंत पडला तर नर खालची लांब नळी पूर्ण करतो आणि मादी आतले अस्तर घालते. नापसंत झाला तर तो अर्धवट खोपा तसाच लोंबत राहतो. झाडावर अर्धे खोपे इतके का दिसतात, याचे उत्तर हेच. एका मादीने अंडी घातली की नर शेजारीच दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. पिल्लांचे बहुतेक सगळे काम मादीवर पडते. तेव्हा मुलींनो, घर बांधणारा बाप्या असला तरी पुढचे काही बदललेले नाही, हेही ध्यानात घ्या.

हे सगळे नीट पाहिले आपल्याच महाराष्ट्रात. १९३० च्या पावसाळ्यात सलीम अली अलिबागजवळ किहीमला राहत होते, हाताला नोकरी नव्हती. तिथल्या सुगरणींच्या वसाहतीवर ते दिवसेंदिवस नजर ठेवून बसले. १९३१ साली त्यांचा लेख मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात आला आणि एक नर ओळीने अनेक खोपे विणून अनेक माद्यांशी संसार करतो हे जगाला कळले. पुढे १९६४ साली मुंबई विद्यापीठाने भारतातल्या या पक्ष्यांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले, त्याचे लेखक व्ही. सी. आंबेडकर. आडनावावरून कोणी नाते जोडू नये, पण हे नाव सांगितल्यावर आमच्या मुलांचे कान टवकारले हे खरे!

भारतात या कुळातल्या चार प्रजाती आहेत. आपली नेहमीची सुगरण झाडाला खोपे टांगते, बहुधा पाण्यावर, बाभळीवर किंवा शिंदीवर. दुसरी रेघाळ सुगरण, ती पाणथळ जागी पाणकणसात छोट्या छोट्या वसाहती करते. तिसरी काळ्या छातीची, तीही दलदलीतल्या उंच गवतात. चौथी फिनची सुगरण, हिमालयाच्या पायथ्याच्या तराईत, झाडाच्या अगदी शेंड्याकडे खोपा करणारी; तिचा खोपा गोल, त्याला लोंबती नळी नाही. ही चौथी आता संकटात आहे, २०२१ साली तिची नोंद धोक्यातल्या पक्ष्यांत झाली. १९५९ साली कुमाऊंच्या तराईत तिचा अभ्यास सलीम अलींनी एका तरुण इंग्रज शास्त्रज्ञाबरोबर केला. त्याचे नाव जॉन क्रूक.

या क्रूकसाहेबांची कामगिरी मोठी आहे. त्यांनी आफ्रिका आणि आशियातल्या सुमारे नव्वद प्रजातींची माहिती जमवली आणि १९६४ साली ती शेजारी शेजारी मांडली. मांडल्यावर एक गोष्ट डोळ्यांत भरली. जंगलात राहणारे, किडे खाणारे पक्षी एकेकटे राहतात, एक नर एक मादी असा संसार करतात, खोपा लपवतात आणि नर-मादी दिसायला सारखेच असतात. उघड्या माळरानावर राहणारे, बिया खाणारे पक्षी थव्याने फिरतात, एका झाडावर शेकडो खोपे टांगतात, एका नराच्या अनेक माद्या असतात आणि नर भडक रंगाचा असतो.

कारण काय? क्रूकने लावलेली संगती साधी आहे. जंगलात किडे विखुरलेले असतात. पिल्लांचे पोट भरायला आईबाप दोघेही दिवसभर राबले पाहिजेत, म्हणून नराला दुसरीकडे जायला सवड नाही. गर्दी केली तर खाणे पुरत नाही आणि वैऱ्यालाही घरटे सापडते. माळरानावर गवताचे बी पिकले म्हणजे एका जागी भरमसाट असते, पण ती जागा कुठे हे शोधावे लागते. शोधायला थवा बरा. खोपा सुरक्षित टांगायला काटेरी झाडे मात्र थोडी, म्हणून एकाच झाडावर दाटी. खाणे मुबलक असल्यामुळे मादी एकटी पिल्ले वाढवू शकते, आणि नर मोकळा होतो. मोकळे नर एकमेकांशी स्पर्धा करतात, म्हणून रंग आणि दिमाख. पोटापाण्याच्या एका फरकातून संसाराची सगळी रीत कशी बदलते, बघा.

अपवादही आहे, आणि तो मोलाचा आहे. आफ्रिकेतला क्वेलिया नावाचा पक्षी बियाच खातो, लाखोंच्या वसाहती करतो, शेतकऱ्याचे उभे पीक फस्त करतो; पण जोडी मात्र एक नर एक मादी. कोरड्या मुलखात पावसानंतर पिल्ले वाढवायला वेळ फार थोडा मिळतो, तेव्हा दोघांनाही राबावे लागते. म्हणजे नियम 'बी खाणारा म्हणजे अनेक बायकांचा' असा नाही. एकटीने पिल्ले वाढतात की नाही, हे खरे सूत्र. अपवाद नीट तपासला की नियम अधिक स्वच्छ होतो. मुलांनो, प्रयोगवहीत न जुळणारी आकडेवारी खोडू नका, हे आम्ही म्हणत आलो ते याच्यासाठी.

तुलनेची दुसरी रीत याच्या उलट आहे. सगळे भाऊ एक प्रकारे वागतात आणि एकच वेगळा, तर त्याचे काय वेगळे? एस्थर कलेन या बाईंनी इंग्लंडच्या उत्तरेला फार्न बेटांवर किटिवेक नावाच्या समुद्रपक्ष्याचा अभ्यास १९५७ साली प्रसिद्ध केला. त्याचे भाऊबंद कुरव पक्षी जमिनीवर अंडी घालतात. पिल्लू बाहेर आले की पांढरे दिसणारे कवच दूर नेऊन टाकतात, नाहीतर कावळ्याला सुगावा लागतो. किटिवेक उभ्या कड्याच्या बोटभर कपारीत राहतो. तिथे शत्रू पोचत नाही, म्हणून तो कवच टाकतही नाही. भावांची पिल्ले धोका दिसला की पळून लपतात, याचे पिल्लू जागचे हलत नाही, कारण हलले तर खाली समुद्र. भाऊबंद थोड्याच दिवसांत आपले पिल्लू ओळखू लागतात. याला त्याची गरज नाही, घरट्यात आहे ते आपलेच. एका कड्याने किती सवयी बदलल्या! या बाई निको टिनबर्गन यांच्या विद्यार्थिनी. प्राण्यांच्या वागणुकीच्या अभ्यासासाठी त्यांना १९७३ साली कोनराड लोरेंझ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

आता फसगत कुठे होते ते सांगतो. हा भाग जरा नीट ऐका.

समजा एखादा माणूस आपल्या वस्तीत येऊन म्हणाला, 'ज्या घरात ज्वारीची भाकर खातात तिथे केस लवकर पिकत नाहीत. मी बारा घरे पाहिली, बाराही घरांत तसेच.' ऐकायला पक्के वाटते. पण चौकशी केली तर बारापैकी नऊ घरे एकाच आजोबांच्या भावकीची निघाली. आजोबांचे केस उशिरा पिकले आणि त्यांच्या वावरात ज्वारी होती. दोन्ही गोष्टी मुलानातवंडांकडे आपोआप आल्या. मग ही नऊ घरे म्हणजे नऊ साक्षीदार झाले का? नाही. साक्षीदार एकच, नऊ तोंडांनी बोलला.

क्रूकच्या नव्वद पक्ष्यांत हाच धोका होता. एका पूर्वजाने माळरान धरले, बी खाल्ले आणि वसाहत केली, आणि त्याच्यापासून तीस प्रजाती झाल्या, तर ती तीस उदाहरणे नव्हेत, एक उदाहरण आहे. ही शंका मुळात माणसांच्या बाबतीत निघाली होती. एडवर्ड टायलर यांनी जगातल्या शेकडो समाजांच्या लग्नाच्या चालीरीतींची तुलना केली. १८८९ साली छापलेल्या त्या निबंधावर फ्रान्सिस गाल्टन यांनी विचारले की यातले समाज एकमेकांपासून वेगळे कशावरून? एकाने दुसऱ्याची चाल उचलली असेल तर? प्रश्न अगदी बिनतोड. याच गाल्टनने सुप्रजननाची कल्पना काढून जन्मावरून माणसांची प्रतवारी करण्याचा मार्ग मोकळा केला, आणि त्यातून पुढे फार अनर्थ झाला. त्याला स्वतःचाच प्रश्न स्वतःच्या मताला विचारता आला नाही असे आम्हाला वाटते.

या भावकीच्या घोळातून वाट काढली अमेरिकेच्या जोसेफ फेल्सनस्टाइन यांनी, १९८५ साली. त्यांचे गणित आम्ही इथे मांडणार नाही, पण विचार सोपा आहे. घरे मोजू नका, फाटे मोजा. दोन भाऊ वेगळे झाले. एकाने ज्वारी ठेवली, दुसऱ्याने गहू धरला. वेगळे झाल्यानंतर केसांत फरक पडला का? अशी प्रत्येक वाटणी हा एक स्वतंत्र साक्षीदार. अशा पुष्कळ वाटण्यांत तोच फरक पुन्हा पुन्हा दिसला तर मानायचे. यासाठी आधी कोण कोणाचा भाऊ हे पक्के माहीत पाहिजे, म्हणजे वंशवृक्ष पाहिजे. आज डीएनएवरून तो काढता येतो, क्रूकच्या काळी ती सोय नव्हती. २०२२ साली सोंग, सेकेई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुगरणीच्या कुळाची ही फेरतपासणी केली, भावकीचा हिशेब धरून. क्रूकचा मुख्य निष्कर्ष टिकला. जंगल आणि किडे यांच्याबरोबर एकटेपणा व एक जोडी, मोकळे रान आणि बिया यांच्याबरोबर वसाहत व अनेक माद्या. साठ वर्षांपूर्वीचा माणूस कच्च्या साधनांनी बरोबर ठिकाणी पोचला होता.

भावकीबाहेरचा साक्षीदार कसा असतो तेही बघा. दक्षिण आणि मध्य अमेरिकेत ओरोपेंडोला नावाचे पक्षी झाडाला लांबलचक झोळ्यांसारखी घरटी विणून टांगतात. त्यांचा सुगरणीशी जवळचा संबंध नाही, ते वेगळ्याच कुळातले. विणण्याची कला त्यांच्याकडे स्वतंत्रपणे आली. आणि तिथे विणते मादी! म्हणजे 'विणकाम हे नराचेच' किंवा 'मादीचेच' असे निसर्गात कुठे लिहून ठेवलेले नाही.

आता त्या वक्त्याकडे परत जाऊ. मुंगीचा आणि माणसाचा समाईक पूर्वज पन्नास कोटी वर्षांहून जुना. मधल्या हजारो फाट्यांवरचे प्राणी सोडून थेट मुंगी उचलायची, ही तुलनाच नव्हे, ही दाखल्यापुरती केलेली निवड आहे. जवळचे नातलग घ्यायचे तर चिंपांझी आणि बोनोबो. दोघेही आपल्याला सारखेच जवळचे. चिंपांझीत नरांची दांडगाई, बोनोबोत माद्यांचा वचक. ज्याला जे सिद्ध करायचे तो तो भाऊ पुढे करतो. लांडग्यांच्या कळपातला 'म्होरक्या' तर सगळ्यांच्या तोंडी आहे. तो समज मुख्यतः कोंडून ठेवलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांवरून झाला होता. डेव्हिड मेक या शास्त्रज्ञाने १९७० च्या आपल्या पुस्तकात तोच मांडला होता. नंतर रानातले लांडगे वर्षानुवर्षे पाहून १९९९ साली त्यानेच लिहिले की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले. म्होरक्या म्हणजे बाप! स्वतःचे मत जाहीरपणे मागे घेणारा माणूस आम्हाला फार मोठा वाटतो.

आपल्याकडे ही तुलना फार पूर्वी एकदा झालेली आहे. वासेट्ठ सुत्तात दोन ब्राह्मण तरुणांचा वाद आहे, माणूस श्रेष्ठ जन्माने की कर्माने. भगवान बुद्ध त्यांना गवत, झाडे, किडे-पतंग, चतुष्पाद, साप, मासे, पक्षी असे एकेक दाखवतात. यांच्यात जन्माने आलेली वेगवेगळी चिन्हे आहेत, माणसामाणसांत तशी चिन्हे नाहीत, असे सांगतात. त्या यादीत मुंग्यासुद्धा आहेत, बरं का! उत्क्रांतीचे शास्त्र तिथे आधीच सांगून ठेवले होते असे आम्ही म्हणणार नाही. तशी हौस काहींना असते, आम्हाला नाही. पण तुलना कशाची कशाशी करायची, हा प्रश्न तिथे अचूक विचारला आहे. बाबासाहेबांनीही १९३६ च्या 'जातिसंहार' या भाषणग्रंथात हाच धागा धरला. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परया एकाच वंशाचे, असा त्यांचा मुद्दा होता. मराठी शास्त्रीय लेखनात प्राण्यांच्या प्रकाराला 'जाती' म्हणतात, त्यानेही घोटाळा होतो. त्या अर्थाने माणसाची जात पृथ्वीवर एकच.

जाता जाता क्रूकसाहेबांचे राहिले. ते ब्रिस्टल विद्यापीठात शिकवीत. पुढे लडाखच्या झंस्कार खोऱ्यातल्या बौद्ध खेड्यांचा त्यांनी अभ्यास केला, १९९४ साली त्यावर ग्रंथ निघाला. चिनी चान परंपरेचे आचार्य शेंग येन यांच्याकडे त्यांनी ध्यानसाधना केली आणि त्या परंपरेचे ते स्वतः शिक्षक झाले. २०११ साली ते वारले. सुगरणीचे खोपे मोजणारा माणूस धम्माकडे आला, याचे आम्हाला कौतुक वाटते, आश्चर्य मात्र वाटत नाही.

तो नववीतला मुलगा समोरच बसला आहे, नाव घेत नाही, लाजेल. त्याला आम्ही अजून एक काम दिले आहे. नाल्याकाठच्या बाभळींवर खोपे कोणत्या अंगाला जास्त आहेत ते मोजायचे. सुगरणी पुष्कळदा पूर्वेची बाजू धरतात, नैऋत्येच्या पावसापासून आडोसा म्हणून, असे वाचले आहे. आपल्याकडे तसे आहे का ते बघू. अर्धे खोपे वेगळे, पुरे खोपे वेगळे लिहायचे. येत्या रविवारी वंदना आटोपली की सात वाजता पुलावर जमू. वही-पेन्सिल आणा, रंगीत कपडे घालू नका, आणि खोप्याला कोणीही हात लावायचा नाही. आयांनी लहानग्यांना सोबत पाठवायला हरकत नाही, पाण्याजवळ आम्ही उभे राहू.

जयभीम.